पेटाऱ्यातला कापूस

चाळीस बाहुल्या टेबलावर ओळीनं निजवल्या होत्या आणि त्यांतल्या एकोणीस जणींनी डोळे झाकून घेतले होते.

कुणी मुद्दाम तसं ठेवलं नव्हतं. हात सरळ करावेत, पाठ फिरवावी, की हळूच वर येऊन दोन्ही पंजे पुन्हा डोळ्यांवर. सकाळपासून मधलीनं, दादाच्या बहिणीनं, ते तीनदा खाली केले होते. चौथ्यांदा तिनं हातच लावला नाही. अंगुस्तान बोटात तसंच ठेवून ती नुसती बघत उभी राहिली.

"वन्सं, काखेत भरण जास्त झालंय, दुसरं काही नाही," वहिनी म्हणाली. खोक्याला चिकटपट्टी लावताना तिचे हात आणि तोंड बरोबरीनं चालत. "काखेत कापूस ठासला की हात वर येणारच. तुमच्या दादांच्या काखेत कोंबा, त्यांचाही येईल."

"मग या एकोणीसच का?" भाचीनं विचारलं.

"या मी भरल्या, बाकीच्या तू. या घरात सढळ हात माझा एकटीचाच."

एरवी मधली हसली असती. दादाच्या सोफ्यांच्या कारखान्यामागची ही लांबट खोली आज किती दिवसांनी माणसांनी भरली होती. जिना कुणाच्या वाट्याचा या भांडणानंतर दोन वर्षं एकमेकांकडे पाठ करून जेवलेली माणसं, पण या बाहुल्यांनी त्यांना एका टेबलाशी आणलं होतं. कल्पना भाचीची. दादाच्या या लेकीनं कुठंतरी फोटो पाहिला, समुद्रापलीकडे पुरात घरं गेलेली पोरं एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं झोपलेली, आणि घरी येऊन म्हणाली, आपल्याकडे कापडाचे तुकडे पोत्यानं पडलेत, आपण काय करतोय त्यांचं? मागल्या वर्षी चाळीस बाहुल्या गेल्या. या चाळीस आज चार वाजता जायच्या होत्या. कापायचं काम दादाचं, भरायचं वहिनीचं आणि भाचीचं, डोळे शिवायचे मधलीनं. ऐंशीच्या पुढची काकू खिडकीशी खुर्चीत बसून सगळ्यांच्या सुया ओवून द्यायची. तिला लांबचं दिसत नसे, पण सुईचं नेढं बरोबर दिसे, याचं तिला स्वतःलाच फार कौतुक होतं.

आणि दादा उभा. तो नेहमीच उभा. जन्मभर लोकांना बसायला सोफे करून देणारा हा माणूस स्वतः कुणाला बसलेला दिसला नव्हता. जेवायचा उभ्यानं, हिशेब लिहायचा उभ्यानं, लग्नातही फोटोपुरता टेकला आणि उठला, असं वहिनी सांगायची. "माझा नवरा म्हणजे देवळातला खांब," ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. मधली तेवढ्यात पाणी आणायला आत जायची.

"आई, ते राहू दे. आधी पत्र ऐका," भाची म्हणाली. "तिथल्या बाईंचं आलंय. त्या हॉलमधल्या मुलांना सांभाळतात ना, त्यांचं. मी फोनवर भाषांतर करून घेतलंय, इकडचं तिकडं झालं असेल, सांभाळून घ्या."

"वाच वाच," काकू म्हणाली. "पोरांना आवडल्या का ते आधी वाच."

"आवडल्या. रात्री झोप लागते म्हणे. आधी किंचाळून उठायची, आता बाहुली कुशीत घेतली की सकाळपर्यंत गप्प." वहिनीनं मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. भाची पुढं वाचू लागली. "पण एक गोष्ट विचारायची आहे. आमच्याकडे चाळीस मुलं आहेत, वेगवेगळ्या गावांची. आम्ही एकेकाला एकट्याला विचारलं, तुझ्या बाहुलीचं नाव काय? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. हा शब्द आमच्या भाषेत नाही. तुमच्या भाषेत आहे का?"

"काय नाव?" दादानं विचारलं.

भाचीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "धा... धप्पा. धप्पा लिहिलंय."

वहिनी मोठ्यानं हसली. "अगं बाई! आपला धप्पा? लपंडावातला? मागून येऊन पाठीवर मारतात तो? हे कुठून शिकली कार्टी?"

काकूच्या हातातली सुई खाली पडली. इतकी बारीक वस्तू पडल्याचा आवाज होत नाही, पण मधलीला तो ऐकू आला.

"पुढं वाच," दादा म्हणाला.

"मुलं एक खेळ खेळतात. तो त्यांना कुणी शिकवलेला नाही. खेळण्यांच्या लाकडी खोक्यात बाहुली ठेवतात, झाकण लावतात, आणि एक मूल झाकणावर बसतं. दुसरं मूल भिंतीशी डोळे झाकून उभं राहतं. बाकीचे त्याला चिडवतात. त्याला एकच शब्द म्हणतात." भाची अडखळली. "रडी. असंच लिहिलंय. आर, ए, डी, आय. रडी."

"रडी म्हणजे?" वहिनी म्हणाली. "जो खोटं खेळतो तो ना? रडीचा डाव खेळणारा?"

खोलीत पंखा फिरत होता. मधलीच्या पाठीवर घामाचा एक थेंब वरून खाली सावकाश गेला, आणि थेंब कुठला, बोट फिरवल्यासारखं वाटलं तिला. तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"संपलं का?" दादानं विचारलं. आवाज त्याचा नव्हताच.

"नाही बाबा, पुढं आहे. मागल्या आठवड्यात एक चार वर्षांची मुलगी स्वतःच बाहुली घेऊन खोक्यात शिरली. वर बसलेला मुलगा उठेना. उठवलं तर म्हणाला, मला कुणी ऊठ म्हणालंच नाही. आम्ही वेळेवर पोचलो, मुलगी बरी आहे. खोक्याला आता कुलूप लावलंय. पण मुलं कुलपाशी बसून रडतात. नवीन बाहुल्या पाठवण्याआधी कृपया सांगा, या बाहुल्यांत काय आहे?"

दादानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"काय भरलंस तू त्यांच्यात?" त्यानं वहिनीला विचारलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कापूस! आणखी काय भरणार? सावरीचा कापूस. मागल्या वर्षी आपला संपला होता, माल यायला महिना होता, म्हणून माळ्यावरच्या पेटाऱ्यातला काढला. जुना असला म्हणून काय, उन्हात घातला, पिंजला, सोन्यासारखा निघाला. चाळीसच्या चाळीस त्यातच झाल्या. उरलेल्यात या एकोणीस. वाया का घालवायचा?"

"त्या पेटाऱ्याला दोर बांधलेला होता," काकू म्हणाली.

"होता ना! सात वेढे. विळीनं कापला."

काकूनं डोळे मिटून घेतले. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिचं चिकटपट्टी धरलेलं बोट तसंच हवेत राहिलं.

"काय झालं? मला कुणी सांगेल का? तीस वर्षं झाली मला या घरात येऊन!"

"धाकटी त्यात गेली," काकू म्हणाली. "या दोघांची धाकटी बहीण. चार वर्षांची. भिंगरी."

"भिंगरी तर तापानं..."

"ताप सांगायला होता. लपंडाव खेळताना पेटाऱ्यात शिरली, कापसात. झाकण बंद. संध्याकाळी यांच्या बाबांना कापूस हवा होता म्हणून उघडलं."

वहिनी मटकन खाली बसली, ती बाहुल्यांच्या कापडाच्या ढिगावर. तिचा सगळा तोरा उतरला. "आणि मी तो कापूस... माझ्या या हातांनी..." ती हात साडीला पुसू लागली, पुसतच राहिली. "सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला? एवढं परकं मानलंत?"

"जाळून टाका," दादा भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला. "या एकोणीस आत्ताच्या आत्ता. आणि तिकडं कळवा, त्या चाळीसही जाळा म्हणावं."

"जाळायचं नाही," काकू एकदम कडाडली. "एकदा कोंडली पोर, आता जाळणार होय?"

"बाबा, त्या मुलांच्या हातातून बाहुल्या काढून कशा जाळतील? ती परत किंचाळत उठतील," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली. "आणि धप्पा ठीक आहे, पण रडी कोण? त्या दिवशी राज्य कुणावर होतं?"

वहिनी, काकू, दादा, सगळे एकदम बोलायला लागले. मघाशी एका बाजूला असलेली माणसं आता दुसऱ्या बाजूला गेली. वहिनी नवऱ्याच्या विरुद्ध काकूच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. जिन्याच्या भांडणात तोंडही न पाहणाऱ्या त्या दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. मधली एकटी टेबलाशी. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सेहेचाळीस वर्षं असंच तर चाललं होतं, मधलीकडे कुणाचं लक्ष नसे, आणि ते तिला फार सोयीचं होतं.

तिनं टेबलावरच्या एका बाहुलीचे हात डोळ्यांवरून बाजूला केले. डोळे तिनंच शिवले होते, काळ्या दोऱ्यानं, गाठ आत दाबून. हात पुन्हा वर आले. पण पुरते नाहीत. दोन पंजांमध्ये बारीकशी फट राहिली, आणि फटीतून एक काळा टाका तिच्याकडे बघत होता.

"माझ्यावर," मधली म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, "राज्य माझ्यावर होतं!"

वहिनीनं काकूचा हात सोडला.

"माहीत आहे ते," दादा म्हणाला. "तू सहा वर्षांची होतीस. तू शोधत होतीस, तुला सापडली नाही. तुझा काय दोष? त्या झाकणावर मी बसलो होतो. दहा वर्षांचा घोडा, चित्रांचं पुस्तक घेऊन बसलो तो बसलोच. बाबांनी मला एकच वाक्य विचारलं, तू बसला होतास ना यावर? त्यानंतर मरेपर्यंत दुसरं वाक्य बोलले नाहीत माझ्याशी."

"मला सापडली होती, दादा."

"काय?"

"सापडली म्हणजे... मी डोळे झाकलेच नव्हते नीट. बोटांच्या फटीतून बघत होते. नेहमीच बघायचे. ती पेटाऱ्यात चढली, माझ्याकडे बघून हसली असं वाटलं, आणि झाकण ओढून घेतलं. मला दिसलं सगळं." मधलीचे शब्द येतच होते, थांबवता येत नव्हते. "लगेच जाऊन उघडलं असतं तर कळलं असतं ना, मी बघितलं म्हणून. सगळी रडी रडी म्हणाली असती. म्हणून मी उगाच अंगणात शोधलं, जिन्याखाली शोधलं. परत आले तर तू वर बसलेला. मी दारात उभी राहिले. ऊठ म्हणायचं होतं, ओठांवर आलं होतं. पण मग विचारलं असतंस, का उठू? म्हणून वाट बघितली. तू एक पान उलटलंस. मग दुसरं."

"मधले," काकू म्हणाली. नुसतं एवढंच.

"मग संध्याकाळ झाली. बाबांनी सगळ्यांना विचारलं, पोर कुठाय? मला विचारलं. मी म्हटलं, मला नाही माहीत. तेव्हाही म्हटलं, दादा. तेव्हाही."

दादा वळला. त्याचा चेहरा मधलीनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच समोरून पाहिला असं तिला वाटलं. तो मारेल, तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"सेहेचाळीस वर्षं मी उभा आहे, मधले," तो म्हणाला.

मग तो मागं सरकला, हातानं चाचपलं, आणि तिथं पडलेल्या एका अर्ध्या झालेल्या सोफ्यावर बसला. नीट बसताही येईना त्याला. गुडघे आपोआप वर येत होते, पाठ टेकावी की नाही कळत नव्हतं. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली आणि तिनं पदर तोंडावर धरला. मधलीला त्यानं माफ केलं नाही, तसं काही म्हणाला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. मधलीनंही मागितली नाही माफी. कुठल्या तोंडानं मागणार?

थोड्या वेळानं काकूच उठली. भिंतीला धरून टेबलाशी आली. "उसवा," ती म्हणाली. "पाठीची शिवण उसवा, कापूस काढा, हलक्या हातानं. पेटाऱ्यात परत ठेवा, पण झाकण लावायचं नाही. उघडा राहू दे. आणि मधले, डाव तू अर्धा टाकलास. तो तूच संपवायचा."

"कसा?"

"राज्य घेणारा काय म्हणतो शेवटी? ते म्हण. तिकडच्या पोरांना ऐकव."

भाचीनं मुकाट्यानं फोन पुढं केला. आवाज तिथल्या बाईंना पाठवायचा, बाई मुलांना ऐकवतील. मधलीनं फोन दोन्ही हातांत धरला. काय बोलायचं याची एवढ्या वर्षांत तिनं मनात किती वेळा तयारी केली होती, आणि आता तोंडाला आलं ते सहा वर्षांच्या पोरीचं बोलणं.

"भिंगरे, मी बघत होते. मी रडी. तू पेटाऱ्यात आहेस. सापडलीस. डाव संपला, बाहेर ये."

भाचीनं बटण दाबलं. आवाज गेला.

वहिनीनं आणि भाचीनं माळ्यावरचा पेटारा उतरवून कोपऱ्यात उघडा ठेवला. मग सगळे खाली मान घालून उसवत बसले. दादानंही एक घेतली, बसल्या बसल्या. प्रत्येक बाहुलीच्या पाठीतून कापूस निघत होता, पांढरा, हलका, उबदार. मधलीनं आपल्या हाताला विचारलं, ऊन कुठलं? खिडकी तर उत्तरेला. पण कापूस उबदार होता, कुशीतून नुकत्याच उठलेल्या पोरीच्या डोक्यासारखा. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर सगळ्यांनाच तसं लागतंय हे कळलं असतं.

"ती काय करायची माहितीये?" दादा अचानक म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "तिला राज्य हवं असायचं. रोज भांडायची, माझ्यावर राज्य, माझ्यावर राज्य. आम्ही देत नव्हतो."

"का?" वहिनीनं हळू विचारलं.

"मोजता यायचं नाही तिला. पाच गाळायची. एक, दोन, तीन, चार, सहा. कितीदा सांगा, पाच यायचाच नाही. मग आम्ही म्हणायचो, तुला मोजता येत नाही, तू आपली लपच. म्हणून ती कायम लपायची."

मधलीला ते आठवलं आणि हातातली सुई बोटात गेली. रक्ताचा ठिपका कापसाला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात धरलं.

साडेतीनला फोन वाजला. तिथल्या बाईंनी आवाज पाठवला होता, सोबत दोन ओळी. भाचीनं वाचल्या. "तुमचा आवाज ऐकवला. मुलांनी स्वतः कुलूप काढायला लावलं. आत राहिलेल्या बाहुल्या बाहेर काढल्या, खोकं रिकामं केलं. आता कुणी झाकणावर बसत नाही. पण सगळी मिळून काहीतरी म्हणत आहेत. आम्हाला भाषा कळत नाही. हा आवाज ऐका. याचा अर्थ काय आहे?"

"लाव," दादा म्हणाला.

आधी नुसता मोठ्या हॉलचा घुमारा. कुणीतरी खोकलं. मग चाळीस पोरांचा आवाज एका सुरात, भिंतीकडे तोंड केल्यासारखा दबका. स्वच्छ, अगदी घरातल्यासारखी मराठी.

"एक... दोन... तीन... चार..."

काकूनं मधलीचा हात धरला.

"...सहा... सात."

पाच आला नाही. दादा सोफ्यावरून उठू लागला आणि उठताच आलं नाही त्याला. टेबलावरच्या उसवलेल्या एकोणीस बाहुल्या रिकाम्या, सपाट पडल्या होत्या, आणि एकीचेही हात डोळ्यांवर नव्हते. कोपऱ्यात पेटारा उघडा होता. त्यातला कापूस मधोमध दबलेला होता, आतून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. बाहेर बाहुल्या न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

फोनमधली पोरं थांबली. मग चाळीस जणांच्या आवाजातून एकच बारीक आवाज पुढं आला, चार वर्षांचा, राज्य मिळाल्याच्या आनंदानं फुटू बघणारा.

"येऊ का?"

दादानं मधलीकडे पाहिलं. सोफ्यावर बसल्यापासून पहिल्यांदाच. भाची फोन बंद करायला धावली, पण मधलीनं तिचा हात धरला. लपायला जागा शोधावी असं काही तिच्या मनात आलं नाही. ती होती तिथंच, टेबलाशी, पाठ दाराकडे करून उभी राहिली.

"ये गं," ती म्हणाली. "ये."